भिंतीकडची बोटभर जागा

— नाही ताई, नुसतं घासून भागायचं नाही, मघापासून तेच तर सांगतोय. ही लाकडी जमीन उखडायची. हा हॉल, ती आतली खोली, मधला बोळ — सगळ्या फळ्या काढायच्या आणि नवीन टाकायच्या. हल्ली तयार येतात की, पॉलिश करूनच येतात, एकीत एक अडकवली की झालं, आठवड्याभरात तुम्ही सोफा लावून मोकळ्या. — जुनी आहे म्हणूनच तर म्हणतोय. किती जुनी, ते मला विचारा. घराइतकीच जुनी, ऐंशीच्या वर वय असेल, तुमचा-माझा पत्ता नव्हता तेव्हा या फळ्या इथे ठोकल्यात. — हो, दिसायला छान आहे. मी कुठे नाही म्हणालो? दिसायला छानच आहे. आणि या वेळेला खिडकीतून ऊन येतं ना, असं तिरकं, तेव्हा तर — असो. दिसण्यावर जाऊ नका. दिसण्यावर जाऊन माझ्या वडिलांसारखा माणूस फसला, तुम्ही तर घर घेऊन दोन वर्षं झालेल्या, तुमची काय कथा.

— ओळखतो म्हणजे काय, मी काम केलंय या घरात. अठरा वर्षं झाली. तेव्हा इथे वकीलसाहेब राहायचे, तुम्हाला ज्यांनी घर विकलं त्यांचे वडील. तुमचा हा जिना माझ्या हातचा. रोज चढता-उतरता ना? एकदा तरी करकरला? नाही ना? पण जिन्याचं कौतुक कोण करतं. जिना वाजला तरच लोकांना कळतं की घराला जिना आहे. आणि ही जमीन धाकट्याने केली. धाकटा म्हणजे माझा भाऊ, सख्खा, सहा वर्षांनी लहान. आम्ही तिघं काम करायचो, वडील, मी आणि तो. वडील लाकडी जमिनींचे सुतार, आसपास त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. दोघेही त्यांच्याच हाताखाली शिकलो, एकच रंधा, एकच पटाशी, शिव्या पण त्याच. — आता? आता नसतो तो इथे. गेला. दुसऱ्या गावी काम करतो म्हणतात. मला काय करायचंय.

— उखडली नव्हती का तेव्हा, असं विचारताय? उखडली होती, पण टाकली नव्हती. मी म्हटलं होतं, टाकून द्या, नवीन आणू. वकीलसाहेब जवळजवळ तयार झाले होते, तर हा मध्येच म्हणतो, लाकूड चांगलंय, पुन्हा बसवू. झालं. एकेक फळी काढली, प्रत्येकीच्या पाठीवर खडूने आकडा घातला — कुठली कुठे होती ते — आणि खिळे असे अलगद उपटले, माणूस पोराच्या पायातला काटा काढतो तसे. मग काय करावं? तीन आठवडे नुसत्या रचून ठेवल्या, याच खोलीत, प्रत्येक दोन फळ्यांच्या मध्ये लाकडाचा तुकडा घालून. मी विचारलं, वाट कसली बघतोयस? तर म्हणे, दादा, त्यांना खोलीची हवा लागू दे. हवा. खिडकी उघडायचा, लावायचा, पुन्हा उघडायचा. मी इकडे जिन्याच्या पायऱ्या तासतोय, घामाने निथळतोय, आणि हा फळ्यांची सरबराई करतोय. आणि वकीलसाहेबांची बायको — मोठ्या मनाची बाई, पण तिलाही काय सुचावं — खुर्ची ओढून बसायची त्याचं काम बघत. रोज. हा अनवाणी काम करायचा ना. घासायचं मशीन फक्त पहिल्या हाताला, शेवटचा हात सगळा हाताने, कागद घेऊन, आणि मग डोळे मिटून तळवा फिरवायचा. डोळे मिटून. ती बाई म्हणायची, किती तन्मय होतो हो हा. माझा जिना बघायला कुणी खुर्ची ओढून बसलं नाही. — छे, वाईट कशाचं वाटायचंय. आमची ही म्हणते, तुम्ही त्याला पहिल्यापासून पाण्यात बघता. तिला काय जातं बोलायला. तिला काय माहीत, आठ-आठ तास त्या माणसाशेजारी बसून काम करायचं म्हणजे काय असतं. तुम्ही जीव तोडून जे करता ते त्याने येता-जाता करायचं, आणि वर तुम्हालाच विचारायचं, दादा, बरं झालंय का? ते विचारणं तर मला अजिबात सोसायचं नाही. बरं झालंय हे त्याला दिसत नव्हतं का?

आता वडिलांचं ऐका. वडिलांची एक रीत होती. काम संपलं की बूट घालून जमिनीवर चालायचे. मुद्दाम, त्याच कामासाठी ठेवलेले, जाड तळाचे. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, टाचा आपटत. कुठे पोकळ वाजतं, कुठे फळी दबते — पायांनी ऐकायचे. माझी पहिली जमीन झाली तेव्हा असेच चालले, आणि चकचकीत पॉलिशवर हा एवढा ओरखडा. माझा चेहरा पडला असणार. तर म्हणाले, चालायचंच, जमीन आहे, पायाखालीच जाणार. मला पटलं ते. मी तेच धरून बसलो आयुष्यभर. आणि इथे — तुम्ही उभ्या आहात ना, त्याच दारात — उभे राहिले. बूट घालून आले होते. आता चालतील, मग चालतील, मी वाट बघतोय. ऊन आलेलं होतं खिडकीतून. आणि हा माणूस खाली वाकला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

मोजे घालून चालले, ताई. पार त्या टोकापर्यंत गेले, परत आले, पायाचा आवाज नाही. बोलले काहीच नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. छान झालंय म्हणाले असते, तर मी पण म्हणालो असतो, हो, छान झालंय. पण मोजे घालून चालणाऱ्या माणसाला काय बोलणार? मी तिसऱ्या पायरीवर बसलो होतो. माझ्या जिन्यावरून ते सकाळीच गेले होते, बूट घालून, दोनदा, आणि उतरताना म्हणाले होते, ठीक आहे. मी ते 'ठीक आहे' घेऊन खूश होतो. दुपारपर्यंत होतो.

असो. सांगायचा मुद्दा, या जमिनीत दोष आहे. इकडे या, या खिडकीकडच्या भिंतीशी. लाकूड तोडलं म्हणून मरत नाही, हवेत ओल आली की फुगतं, कोरडी हवा पडली की आकसतं. म्हणून भिंतीकडे बोटभर जागा सोडायची असते, चारही बाजूंनी, आणि ती दिसू नये म्हणून वरून ही उभी पट्टी लावतात, हे स्कर्टिंग. जमीन फुगली की त्या जागेत सरकते, कुणाला पत्ता लागत नाही. जागाच नसेल तर सरकणार कुठे? मग वर उचलते. तशीच उचलली होती ही, त्याच वर्षी, इथे मधोमध, खाली मूठ जाईल एवढी. का? तर या भिंतीला जागाच नाही. भरलेली आहे. — आवाजावरून कळतं हो. हे ऐका. ठोकलं की कसं बद्द वाजतं. — स्कर्टिंग न काढता कळतं, का नाही कळणार, चाळीस वर्षं हेच करतोय. — बाकीच्या भिंतींना? बाकीच्या तिन्ही भिंतींना आहे की. लाकडाचा एक तुकडा धरून मोजून सोडलीये त्याने, प्रत्येक फळीला, मी इथेच उभा राहून बघत—

हं.

बरोबर विचारलंत. तीन भिंती लक्षात ठेवणारा माणूस चौथीच कशी विसरेल. वकिलाच्या घरात राहता खऱ्या. — नाही, बरं वाटतंय मला, काही होत नाहीये. पाणी नको. खुर्ची पण नको, मी खालीच बसतो.

आता सांगून काय बिघडतंय. तुम्ही परक्या, उद्या तुम्ही कुठे, मी कुठे. सगळे जेवायला बाहेर अंगणात गेले होते, वडील मोजे घालून चालले त्याच दुपारी. स्कर्टिंग लावायचं राहिलं होतं. ते काम माझ्याकडे, अख्खी जमीन धाकट्याची आणि कडेची पट्टी माझी. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी एवढी बाजू उरकून येतो. जिन्याचे उरलेले तुकडे होते माझ्या पिशवीत, एका बाजूने निमुळते, पाचरीसारखे. त्या बोटभर जागेत एक पाचर बसवून बघितली. नुसतं बघावं म्हणून, बसते का. अगदी मापात बसली, ताई. हातोडीचा एकच ठोका. मग शेजारी दुसरी. अकरा बसवल्या, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, एकसारख्या अंतरावर. खोटं कशाला बोलू, चांगलं काम झालं ते. घाई नाही, गडबड नाही. वरून स्कर्टिंग ठोकलं, हात धुतले आणि जेवायला गेलो. पोटभर जेवलो. धाकट्याने माझं ताट झाकून ठेवलं होतं. — मनात काय होतं? काही नव्हतं. जमीन उचलावी असं नव्हतं, देवाशप्पथ नव्हतं. फार तर एखादी फळी करकरेल, वकीलसाहेब निरोप धाडतील, वडील परत बघायला येतील आणि या खेपेला बूट घालून चालतील. मला एवढंच पाहिजे होतं. त्यांनी या जमिनीवरून एकदा बूट घालून चालावं.

तीन महिन्यांनी हवा दमट झाली आणि निरोप आला. निरोप धाकट्याकडे गेला, जमीन त्याची ना. तो आमच्या आधी तासभर इथे येऊन बसला होता. मी आणि वडील पोचलो तेव्हा खिडकीखाली बसला होता, गुडघ्यांत डोकं घालून. वकीलसाहेब भयंकर तापलेले. वडील त्या उंचवट्याशी गेले, बघितलं, आणि एवढंच विचारलं, "भिंतीकडे जागा सोडायला विसरलास?"

धाकट्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "हो."

एक शब्द. मी मनात म्हटलं, आता स्कर्टिंग काढतील, आता काढतील. वडील म्हणालेच, काढ ते स्कर्टिंग. तर हा म्हणतो, नको, भिंतीचा गिलावा पडेल, मी मधल्या फळ्या बारीक करतो. आणि केल्या. या तीन फळ्या बघा. नुसत्या बघून नाही कळणार, बोट फिरवा. बाकीच्यांपेक्षा अंगाने बारीक आहेत ना? उचलून, कडा रंधून परत बसवल्यात. तीन आठवडे हवा दाखवलेल्या, आकडे घातलेल्या फळ्या त्याने आमच्यासमोर रंध्याखाली धरल्या. वडिलांना ते बघवेना, ते बाहेर जाऊन उभे राहिले. आणि मी म्हटलं, आहे ना मूर्ख, भिंत तपासायची सोडून मध्येच कापाकापी करतोय. देव पावला म्हटलं. सुटलो.

पुढे काय व्हायचं? वडिलांनी त्याच्या हाती मोठं काम दिलं नाही. भिंतीकडे जागा सोडायची हे आमच्या धंद्यातलं पहिलं अक्षर, तेच जो विसरला त्याच्यावर भरवसा काय ठेवायचा. जमिनी माझ्याकडे आल्या, कडेच्या पट्ट्या त्याच्याकडे. वर्षभर गप गुमान पट्ट्या मारल्या त्याने, आणि एक दिवस गेला. वडील त्यानंतर नऊ वर्षं जगले, माझ्याकडेच होते. माझ्या प्रत्येक कामावर यायचे, शेवटी शेवटी काठी टेकत यायचे. लोकांना सांगायचे, हा माझा मोठा, हा भरवशाचा. भरवशाचा, ताई. मी पन्नाशीचा घोडा, आणि ते तसं म्हणाले की दिवसभर मला हातात हत्यार हलकं लागायचं. — बूट? बूट घालूनच चालायचे हो माझ्या जमिनींवर. पण यायचे ना. नऊ वर्षं ते माझे होते, एकट्याचे.

आता कळलं ना, उखडा का म्हणतोय? घासायचं म्हटलं की आधी स्कर्टिंग निघणार. मी नाही काढलं तर दुसरा कुणी काढेल, आणि तो काय डोळे मिटून काढेल? या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात. माझ्या जिन्याचं लाकूड कुठलं, त्याला तास कसा मारलाय, चटकन सांगतील. मग वडिलांचा भरवशाचा कोण नि विसरभोळा कोण, हे त्यांच्यामागे लोक ठरवणार. ते मला नकोय. मी माझ्या हाताने सगळं उपटतो, गाडीत भरून नेतो, तुम्हाला नवीकोरी जमीन घालून देतो. तुमचंही भलं, माझंही.

— काय? कुणाला केला होता फोन?

वकीलसाहेबांच्या जुन्या वहीत नंबर होता, बरं. धाकट्याचा. म्हणजे माझ्या आधी त्याला केलात. अर्थातच. आधी तो, मग मी, त्यात नवीन काय. — चिडलो नाही, ताई, विचारतोय नुसतं. मग आला का नाही तो? दिसलं असतं तरी त्याला, त्याच्या जमिनीचं काय झालंय ते. — काय म्हणाला? 'तिथे दादालाच बोलवा'? दादा म्हणाला? तोंडाने दादा म्हणाला? 'त्याच्याइतकी ती जमीन कुणाला माहीत नाही.' असं म्हणाला. तरी म्हटलं, तुम्हाला माझा नंबर कुठून — आणि? आणखी काय म्हणाला? गाळू नका काही, जसंच्या तसं सांगा.

'खिडकीकडच्या भिंतीच्या पाचरी तेवढ्या आधी काढायला सांगा. आता कुणी बघायला नाही.'

अकरा आहेत, हे पण सांगितलं?

म्हणजे तासभर आधी आला होता तो काय नुसता बसला होता होय. स्कर्टिंग काढलं होतं त्याने. मोजलं होतं. लाकूड कुणाचं, तास कुणाचा, ते तर त्याने हात लावूनच ओळखलं असणार, डोळे मिटून. आणि परत ठोकून ठेवलं, आम्ही यायच्या आत. गिलावा पडेल म्हणे. कसला गिलावा पडतोय, बघा ना, दगडासारखा आहे. म्हणून भिंतीला हात लावू दिला नाही. म्हणून मधल्या फळ्या कापल्या. आणि वडिलांच्या डोळ्यांत बघून हो म्हणाला, आणि वर्षभर माझ्याशेजारी बसून पट्ट्या मारल्या, आणि मला एका शब्दाने — मी त्याला मूर्ख समजत होतो, ताई. अठरा वर्षं समजत होतो.

तुम्हाला वाटतंय, किती भला माणूस. वाटू दे, सगळ्यांनाच वाटतं. पण मला सांगा, माझ्याकडे राहिलं काय? आयुष्यात माझं म्हणून एवढंच होतं, ती नऊ वर्षं. काठी टेकत यायचे ती. ती पण त्याने दिली म्हणून मिळाली. मी चोरली असं समजत होतो तेच बरं होतं, चोरलेलं तरी आपलं असतं. हे तर त्याने माझ्यापुढे टाकलं, आणि मी उचललं, आणि मला कळलंसुद्धा नाही. चांगुलपणात तरी त्याने माझ्या मागे राहावं की नाही? — रडत नाहीये मी. तुमच्या या जमिनीवर धूळ किती आहे.

द्या ती पटाशी इकडे. मोठी नको, ती चपटी. सरका जरा. — उखडायचं राहू दे आता, घासून देईन, उद्या मशीन घेऊन येतो. आवाज होईल, खिळे जुने आहेत. — ही निघाली पट्टी. आणि ही बघा पहिली. काय बसलीये अजून, हलायला तयार नाही.

तो फोन करेल ना तुम्हाला परत? करेलच, त्याला चैन पडायचं नाही. त्याला सांगा, दादा आला होता. दादाने तुमच्यासमोर स्कर्टिंग काढलं आणि भिंतीला काहीही नव्हतं. बोटभर जागा होती, रिकामी, चारही बाजूंना सारखी. पाचर नाही, काही नाही. तुझंच काहीतरी चुकलं होतं म्हणावं. — एवढं सांगाल ना? ताई? — अशा बघताय काय माझ्याकडे?

बरं. नका सांगू. तुम्ही आत जा. जाताना दार ओढून घ्या.